आधी खांदा, मग शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाला व्यसन, घरातली मारहाण, लाचलुचपत, गर्भपात, मोबाइलवरची अश्लीलता अशा विषयांवर काहीतरी ठोस करायचे आहे. निम्म्या मुलामुलींचे म्हणणे, येत्या रविवारी जाहीर निवेदन काढू. मंडळीच्या वडिलांचे, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे, प्रार्थना करा, जगाच्या भानगडीत पडू नका. आणि बाहेरचे लोक दोन्हीकडून बोलतात. तोंड उघडले की ‘हे कोण आम्हाला शिकवणारे?’ आणि गप्प बसले की ‘यांची श्रद्धा चार भिंतींपुरती.’ यातून ख्रिस्ती माणसाने परिणामकारक वाट कशी काढायची, असे तुम्ही विचारता.

पाळकीय सेवेत आणि समुपदेशनात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. ज्या प्रश्नावर बोलायचे, त्या प्रश्नाचे ओझे ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्याखाली आपला खांदा आधी गेला पाहिजे. तो गेलेला नसेल तर आपले शब्द कितीही शास्त्रशुद्ध असोत, ऐकणाऱ्याला ते दगडासारखे लागतात. पुढचे सगळे मी या एका गोष्टीभोवतीच सांगणार आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करावी लागेल. कुसळ आणि मुसळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा शेवट बहुतेक जण विसरतात. येशू ‘दुसऱ्याच्या डोळ्याकडे बघूच नका’ असे म्हणत नाही. आधी तुझ्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे तो म्हणतो. कुसळ काढायचेच आहे. प्रश्न दिसण्याचा आहे.

करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय संघात एकदा सगळ्यांनी मिळून वाचा. तिथे एक माणूस बापाच्या बायकोला ठेवून राहत होता आणि मंडळी ते चालवून घेत होती. पौल संतापतो तो मंडळीवर. आणि त्याच दमात म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करणे माझ्याकडे कुठे आहे? आपण याच्या नेमके उलट वागतो. बाहेरच्या जगावर आसूड आणि आतल्या मानकऱ्यांवर पांघरूण.

हे पांघरूण मीही घातले आहे, म्हणून सांगतो. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत एक बहीण माझ्याकडे आली. नवरा मारतो म्हणाली. तो गायनवृंदात पुढे उभा राहणारा, मंडळीत वजन असलेला माणूस. मी दोघांना समोरासमोर बसवले, त्याने डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली, मी प्रार्थना केली आणि तिला त्याच्याबरोबर घरी पाठवले. एक घर वाचवले, असे मला वाटत होते. त्या रात्री तिला नेहमीपेक्षा जास्त मार बसला, कारण घरातली गोष्ट तिने बाहेर नेली होती. तीन आठवड्यांनी मी तिला भेटलो तो इस्पितळात. तिने मला दोष दिला नाही. ते मला अजून जड जाते.

तेव्हापासून काही गोष्टी मी कधीही मोडत नाही. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकत्र बसवत नाही. तिच्याशी एकटीशी बोलायचे, आणि ते एखाद्या जाणत्या बहिणीने. पहिला प्रश्न ‘आज रात्री तुम्ही सुरक्षित आहात का?’ हाच. राहायला दुसरी जागा, हाताशी थोडे पैसे, कागदपत्रांच्या प्रती, वकील, पोलीस हे सगळे तिच्या इच्छेने आणि तिच्या गतीने. क्षमा करणे म्हणजे त्याच घरात परत जाणे नव्हे, हे तिला स्पष्ट सांगायचे. आणि बाब लहान मुलाच्या अत्याचाराची असेल तर मंडळीने स्वतः चौकशी करत बसायचे नाही, त्याच दिवशी पोलिसांना कळवायचे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला ‘आधी एकांतात जाऊन सांग’ हा क्रम पुढे करून गुन्हे दडपलेले मी पाहिले आहेत. तो क्रम बंधूबंधूंमधल्या अपराधासाठी आहे. बळी पडलेल्या मुलाने अत्याचार करणाऱ्याला एकांतात गाठावे, यासाठी तो दिलेला नाही.

तुमच्या यादीत घरातली मारहाण आहे. निवेदन काढायच्या आधी विचारा: आपल्या मंडळीतली बाई उद्या मार खाऊन आली तर तिने कोणाचे दार ठोठवावे हे तिला माहीत आहे का? ते दार ठरलेले नसेल तर पहिले काम सापडले.

इतिहासातही याची मोठी साक्ष आहे. ख्रिस्ती लोकांनी समाजातले पाप कसे संपवले याचे उदाहरण म्हणून आपण गुलामांच्या व्यापाराविरुद्धची चळवळ नेहमी सांगतो, आणि ते खरेही आहे. पण त्याच काळात बार्बाडोस बेटावरचे कॉडरिंग्टन हे उसाचे मळे एका इंग्लिश मिशनरी संस्थेच्या मालकीचे होते. सुवार्ता पसरवण्यासाठी स्थापन झालेली ती संस्था. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ असा शब्द उमटवला जाई, म्हणजे हा माणूस त्या संस्थेच्या मालकीचा. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने याबद्दल माफी मागितली ती 2006 साली. हा इतिहास तरुणांना सांगायला घाबरू नका. तो ऐकूनही जे नम्रपणे उभे राहतात, त्यांचे बोलणे लोक ऐकतात.

आता चळवळीची चांगली बाजू, कारण शिकण्यासारखे तिथे फार आहे. ब्रिटिश संसदेत ही लढाई लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सचे नाव सगळ्यांना माहीत असते. मला मात्र तुमच्या संघाने थॉमस क्लार्कसनकडे पाहावे असे वाटते. केंब्रिजमध्ये शिकताना 1785 साली त्याने गुलामगिरीवर लॅटिन निबंध लिहिला तो बक्षिसासाठी. लिहिताना जे वाचले त्याने त्याची झोप उडाली. हे खरे असेल तर कोणीतरी याचा शेवट करायला हवा, हा विचार त्याला लंडनच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला गाठतो. 1787 मध्ये बारा जणांची समिती झाली, त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. मग क्लार्कसन घोड्यावर बसून ब्रिस्टल, लिव्हरपूल अशा बंदरांत फिरला. धक्क्यावरच्या खलाशांशी बोलला, जहाजांच्या हजेरीपटांतून मेलेल्यांची नावे मोजली, दुकानातून हातकड्या आणि अंगठे चिरडायचे स्क्रू विकत आणले.

यातला हजेरीपटांचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. व्यापाराचे समर्थक म्हणत, ही जहाजे म्हणजे देशाच्या नौदलाला खलाशी पुरवणारी शाळा आहे. क्लार्कसनने त्यांच्याच कागदांवरून दाखवले की या जहाजांवर खलाशी शिकून तयार होण्याऐवजी मोठ्या संख्येने मरतात. समोरच्याचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता हे त्याने शोधले आणि त्यावर काम केले. 1788 साली ‘ब्रुक्स’ नावाच्या जहाजाचा आराखडा छापला गेला, त्यात साडेचारशेहून अधिक माणसे फळ्यांवर एकमेकांना चिकटून कशी निजवली जातात ते दाखवले होते. त्या चित्राखाली शाप लिहायची गरजच नव्हती. ओलाउदा इक्वियानो हा स्वतः गुलामगिरी भोगलेला माणूस आपली कहाणी सांगत गावोगाव फिरत होता. जे सोसतात त्यांचा आवाज पुढे आणि आपला मागे, हा क्रम तिथे होता.

आणि वेळ किती लागला? 1791 साली संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव 163 विरुद्ध 88 मतांनी पडला. 1807 साली तोच 283 विरुद्ध 16 मतांनी पार झाला. गुलामगिरी संपवणारा कायदा 1833 चा. तो पार होणार हे नक्की झाल्याचे कळल्यावर तीन दिवसांनी विल्बरफोर्स वारला. तुमच्या संघातली मुले चार महिन्यांत निराश होतात तेव्हा त्यांना हे आकडे दाखवा.

माहितीबद्दल आणखी थोडे. बायबलमधल्या नीतिसूत्रांत म्हटले आहे की ऐकून घेण्याआधी उत्तर देणे मूर्खपणाचे व लाजिरवाणे आहे. फोनवर आलेला, अंगावर काटा आणणारा संदेश पुढे पाठवणे म्हणजे नैतिक भूमिका घेणे नव्हे. तो खोटा निघाला तर आपण नववी आज्ञा मोडलेली असते, खोटी साक्ष. माझ्या ओळखीच्या एका संघाने व्यसनावर काम सुरू करताना पहिले दोन महिने फक्त ऐकले. सुटलेल्यांचे, न सुटलेल्यांचे, त्यांच्या बायकांचे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे. त्यांना कळले की आपली भाषणे दारू पिणाऱ्याला लाजवतात, आणि लाज वाटली की तो आणखी पितो. त्यांनी भाषणे बंद केली.

बोलायची वेळ आली की कसे बोलायचे? मी नाथान संदेष्ट्याकडे पाहतो. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला भोगले, तिचा नवरा उरीया याला युद्धात मारवले, आणि राजाला जाब विचारणारे कोणी नव्हते. नाथान आज्ञांची यादी वाचून सुरुवात करत नाही. तो एका गरिबाची, त्याच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे. श्रीमंताने तीच उचलून पाहुण्यासाठी कापली. दावीदाच्या आत अजून जिवंत असलेली न्यायबुद्धी उसळते, तो स्वतःच निकाल देतो, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. किती धीराचे आणि किती कसबाचे बोलणे आहे हे! त्याने ते राजाच्या तोंडावर सांगितले, बाजारात जाऊन नव्हे. आणि नंतर तो निघूनही गेला नाही. दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला तेव्हाही नाथान दरबारात आहे. दावीद आणि बथशेबेच्या एका मुलाचे नाव नाथान होते. ते संदेष्ट्यावरून ठेवले असे शास्त्र सांगत नाही, पण ती वंशावळ वाचताना मी दर वेळी त्या नावापाशी थांबतो.

आपले शेजारी आपले शास्त्र मानतातच असे नाही. ‘बायबल असे म्हणते’ हे मंडळीत पुरते, चौकात पुरत नाही. अथेन्समध्ये पौल तिथल्याच कवींच्या ओळी घेऊन बोलला. तसे आपल्यालाही समोरच्याला पडताळून पाहता येईल असे कारण द्यावे लागते: याने कोणाचे काय नुकसान होते, कोण दुबळे आहे, कोण बोलू शकत नाही. आपली श्रद्धा लपवायची नाही. विचारले तर सांगायचे, आणि पेत्र म्हणतो तसे सौम्यतेने आणि आदराने. मदतीला मात्र गळ लावायचा नाही. व्यसन सोडायला आलेला माणूस उपासनेला आला नाही तरी त्याची औषधे थांबता कामा नयेत. ही शिस्त ढिली झाली की आपल्या प्रीतीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

कायद्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण निवेदनाच्या मागे तोच असतो: सरकारने बंदी घालावी. कायदा लागतो. गुलामाला मालकाचे हृदयपरिवर्तन होईपर्यंत थांबा असे सांगणे क्रूरपणाचे होते. पण कायद्याने काय होते आणि काय होत नाही, हे अमेरिकेतल्या दारूबंदीत दिसते. तिथल्या मंडळ्यांनी, विशेषतः ख्रिस्ती स्त्रियांनी, पन्नासेक वर्षे दारूविरुद्ध लढा दिला आणि त्यामागे उद्ध्वस्त झालेली खरी घरे होती. 1920 पासून देशभर बंदी लागू झाली. सुरुवातीला पिण्याचे प्रमाण घटले, पण चोरटी दारू आणि तिच्यावर पोसलेल्या टोळ्या वाढल्या, आणि 1933 मध्ये बंदी उठली. दोनच वर्षांनी, 1935 मध्ये, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात दारूने पोळलेली दोन माणसे, एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, एकमेकांशी बोलत बसली. त्यातून दारू सोडणाऱ्यांची, एकमेकांना सावरणारी संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिची मुळे एका ख्रिस्ती गटाच्या शिकवणुकीत होती: कबुली, भरपाई, देवावर भिस्त, दुसऱ्याला हात. ते काम आज जगभर चालू आहे. यावरून बंदीचे कायदे फोल असतात असे मी म्हणत नाही. पण कायदा बाटली काढून घेतो, माणसाच्या शेजारी रात्रभर बसत नाही. ते आपण करू शकतो.

गर्भपाताचेही तसेच. इसवी सनापूर्वी 1 मध्ये इजिप्तमधल्या हिलारिऑन नावाच्या मजुराने बायकोला लिहिलेले पत्र सापडले आहे. प्रेमळ पत्र आहे. त्यातच तो सहज लिहितो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्या जगात पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी अर्भक टाकणे आणि गर्भ पाडणे नाकारले, ते आधी स्वतःच्या घरांसाठी. टाकलेली मुले मंडळीतल्या कुमारिका उचलून आणतात, असे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुमारास लिहितो. रोमन साम्राज्यात अर्भकहत्येला कायद्याने गुन्हा ठरवले गेले ते 374 साली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हातात कायदा नसताना त्यांनी जीव वाचवले. तुमच्या मंडळीत एखादी अविवाहित मुलगी गरोदर राहिली, तर तिला पहिल्यांदा काय मिळेल, कुजबुज की सोबत? कुजबुजीच्या भीतीनेच गर्भपात करून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्याविरुद्ध निवेदन काढायचा अधिकार त्या मंडळीला कसा उरतो?

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येतेच. विधवांच्या हालांवर त्यांनी लिहिले, देशोदेशी बोलल्या, पण 1889 मध्ये शारदा सदन उघडले तेव्हा त्या शब्दांना छप्पर मिळाले. दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुलींना त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या. बोलणे आणि दार उघडणे त्यांच्यात कधी वेगळे झाले नाही.

लाचलुचपतीबद्दल एक प्रसंग. आमच्यातल्या एका भावाने खोट्या बिलावर सही करायला नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. रविवारी आम्ही त्याची साक्ष ऐकली, हालेलूया म्हटले, कोणाचे तरी डोळे भरून आले. चार महिन्यांनी त्याच्या मुलीची फी थकली होती आणि आमच्यातल्या कोणालाही ते माहीत नव्हते. आम्ही त्याला एकट्याला वधस्तंभ वाहायला लावला आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मंडळीने वेगळी रक्कम बाजूला ठेवायला सुरुवात केली, सत्यासाठी ज्याचे उत्पन्न जाईल त्याच्या घराला सहा महिने आधार म्हणून. ती रक्कम फार मोठी नाही. पण ती आहे हे कळल्यावर ‘नाही’ म्हणण्याचा धीर आणखी दोघांना आला. लाच देऊ नका, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याने त्याची किंमत वाटून घेण्याची सोयही सांगितली पाहिजे.

कधीतरी उघडपणे उभे राहावेच लागते. प्रार्थना करा म्हणणाऱ्या तुमच्या मंडळीच्या वडिलांना मी आदराने जर्मनीतल्या म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांचे उदाहरण देईन. नाझी सरकार अपंग आणि मनोरुग्ण माणसांना ठार मारत होते. गालेन यांनी आधी रीतसर फौजदारी तक्रार केली आणि मग 3 ऑगस्ट 1941 रोजी व्यासपीठावरून सगळे नावानिशी सांगितले. प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. त्याच महिन्यात हिटलरने तो कार्यक्रम अधिकृतरीत्या थांबवला. तोवर 70 हजारांहून अधिक माणसे मारली गेली होती, आणि नंतरही ते लपूनछपून चालूच राहिले. तरीही बोलण्याने फरक पडला. ज्यूंसाठी मात्र त्यांनी असा उघड आवाज उठवला नाही. हेही मुलांना सांगा, म्हणजे आपले मौन कुठे आहे हे ती शोधतील.

मोर्चा हवा म्हणणाऱ्यांना मार्टिन ल्यूथर किंग यांचे 1963 चे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र वाचायला द्या. ते लिहिले गेले आठ धर्मगुरूंना, जे म्हणत होते की ही वेळ योग्य नाही. अहिंसक मोहिमेच्या चार पायऱ्या त्यात आहेत: अन्याय खरोखर आहे का याची माहिती गोळा करणे, वाटाघाटी, आत्मशुद्धी, आणि शेवटी प्रत्यक्ष कृती. तिसऱ्या पायरीवर ते लोक एकमेकांना विचारत होते की मार बसला तर उलटून न मारता तू सोसशील का? रस्त्यावर उतरण्याआधी हा प्रश्न तुमच्या संघात विचारला गेला पाहिजे. आजच्या काळात त्याचे एक रूप असे: कोणी ऑनलाइन घाण शिवी दिली तर तू उत्तर न देता राहशील का?

विश्वासू ख्रिस्ती माणसांत मतभेद होतील. उद्देशावर एकमत आणि उपायावर दुमत, हे नेहमीचे. दारू वाईट की दारूडेपणा, बंदी की उपचार, कोणता पक्ष. अशा ठिकाणी ‘मला असे वाटते’ म्हणा, ‘देव असे म्हणतो’ म्हणू नका. आणि मंडळीला कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधू नका.

आता तुमच्या येत्या रविवारबद्दल. निवेदन काढू नका, निदान आत्ता नाही. पाच विषयांतला एक निवडा, आणि निवडताना कोणता विषय सर्वांत चर्चेत आहे हे न पाहता तुमच्यातल्या कोणाच्या घराला तो लागला आहे हे पाहा. तुमच्या पत्रात दोन कुटुंबांचा ओझरता उल्लेख आहे, जिथे वडील पितात आणि मुलांनी संघात येणे सोडले आहे. त्या दोन घरी दोघादोघांनी जा. भाषण नको, पत्रक नको. मुलांचा अभ्यास घ्यायला कोणी तयार आहे का, आईला एखादा दिवस मोकळा मिळेल का, वडील कधी बोलायला बसले तर ऐकणारा वयाने मोठा माणूस कोण, एवढे ठरवून जा. मंडळीच्या वडिलांपैकी एकाला बरोबर न्या. जे प्रार्थना करा म्हणतात, त्यांना त्या घरात प्रार्थना करायला सांगा. सहा महिन्यांनी मला लिहा. तेव्हाही निवेदन काढावेसे वाटत असेल तर आपण मिळून त्याचा मसुदा करू, आणि त्यातले पहिले वाक्य त्या घरातल्या आईला विचारून लिहू.